मेश्राम काकाजींचं जर्मन घड्याळ

चालतं घड्याळ घेऊन येणारं आणि ‘हे साडेतीन तास मागं करून दे’ म्हणणारं गिऱ्हाईक आमच्या महाल भागातच काय, साऱ्या विदर्भात एकच. माझ्या दुकानासमोर राहणारे मेश्राम काकाजी. वीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतोय. मागं पडलेलं पुढं आणायला जग येतं. हे उलटे.

‘‘काहून, काकाजी?’’

‘‘सुजाता जर्मनीत गेली ना गा. तिकडचा टाइम घरात पाहिजे.’’

‘‘मोबाइलात दिसते ना तो.’’

‘‘मोबाइल खिशात राहते. मीटर भिंतीवर पाहिजे.’’

काकाजी खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून, कंट्रोल रूममधून निवृत्त झालेले. दर तासाला मीटर पाहायचं, आकडा वहीत लिहायचा, आणि रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हा तिथला नियम. नोकरी सुटली, नियम सुटला नाही. एकदा दाढी आटोपली तरी न्हाव्याकडे पुढचं गिऱ्हाईक येईना. काकाजी खुर्चीतून हलेनात. शेवटी न्हाव्यानं वैतागून दुसऱ्यांदा दाढी केली. तिसऱ्यांदाही केली असं लोक म्हणतात, पण मला अतिशयोक्तीची सवय नाही.

काकू गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. लेक सुजाता शिकायला जर्मनीत गेली, तेव्हा काकाजींनी बुद्धाच्या तसबिरीखाली ते घड्याळ टांगलं आणि नवी वही उघडली. तिच्या रोजच्या खबरा त्यात चढायच्या आणि मला ऐकाव्या लागायच्या. ‘सायकलने कॉलेज. चुकीच्या बाजूने वळली. पडली. उठली.’ ‘रविवारी कपड्याचं मशीन लावलं. खालची म्हातारी वर आली. रविवारी आवाज चालत नाही.’ ‘कचऱ्याचे डबे चार. दह्याचा डबा धुऊन टाकला.’ यावर मात्र काकाजींनी वही मिटली.

‘‘कचरा धुते गा ती. इथं ताट धूत नव्हती.’’

जर्मनीवाले वर्षातून दोनदा घड्याळ तासभर सरकवतात. त्या दोन्ही वेळी काकाजी माझ्या कारागिरीला नावं ठेवून गेले.

मग उन्हाळ्यात सुजाताला पंपाच्या एका कारखान्यात इंटर्नशिप मिळाली. तिसऱ्या आठवड्यात तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी काकाजींच्या घरी त्याच घड्याळाचा सेल बदलत होतो. तिकडे जेवणाची सुट्टी, घड्याळात बारा.

‘‘बाबा, मी परत येऊन राहिली.’’

‘‘काहून वं? काम जमत नाही काय?’’

‘‘काम जमते. जेवण जमत नाही. सारे एका टेबलावर बसतात, हसतात. मले एक जोक समजेपर्यंत यांचा तिसरा सुरू होते. मी डबा घेऊन सायकल स्टँडवर बसते. एकटी.’’

काकाजींनी घड्याळाकडे पाहिलं. ‘‘किती महिने राहिले?’’

‘‘चार.’’

‘‘रिलीव्हर आल्याशिवाय खुर्ची सोडाची नाही.’’

‘‘इथं कोण येते बाबा रिलीव्हर?’’

‘‘मंग तोपर्यंत मी बसतो. उद्यापासून, तुझ्या बारा वाजता.’’

सकाळी अकराला जेवणारा हा माणूस दुसऱ्या दिवसापासून दुपारी साडेतीनला जेवू लागला. समोर तांब्या, तांब्याला टेकलेला मोबाइल, मोबाइलात सायकल स्टँड. दोन वाजता त्यांच्या पोटातली गुरगुर माझ्या दुकानापर्यंत यायची आणि काही घड्याळं त्या हादऱ्यानं आपोआप सुरू व्हायची. तरी साडेतीनच्या आत घास नाही.

फुकट सोबत मात्र नव्हती. रोज टेबलावरच्या एका माणसाशी बोलायचं आणि रिपोर्ट द्यायचा, ही अट होती. वही भरत गेली. ‘मीठ मागितलं. मिळालं.’ ‘टेबलावर दोन मिनिटं बसली. मग स्टँड.’ ‘सहा मिनिटं.’ ‘जोक समजला. हसली. उशिरा.’ एखाद्या दिवशी ती रडवेली होऊन नाहीच म्हणायची. काकाजी शांतपणे विचारायचे, ‘‘ठीक आहे. उद्या कोणाशी?’’

दीड महिन्यानं एका दुपारी मी काकाजींकडेच होतो. फोन आला, पण मोबाइलात सायकली नव्हत्या. मागं गलका होता.

‘‘बाबा, आज या लोकायनं माझ्यासाठी जागा धरून ठेवली. मी टेबलावरच आहो. फोन ठेवू?’’

‘‘ठेव वं, ठेव.’’

काकाजींनी वही ओढली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘१२.०० वाजता रिलीव्हर आला. चार्ज दिला.’ खाली सही केली.

‘‘सुटले काकाजी,’’ मी म्हणालो. ‘‘उद्यापासून अकराला जेवा.’’

‘‘हो गा. उद्यापासून अकरा.’’

दुसऱ्या दिवशी साडेतीनला तीन-चार मिनिटं कमी असताना मी भिंगावरून मान वर केली. समोरच्या दारातून ताट दिसत होतं, वाढलेलं. मोबाइल तांब्याला टेकलेला, पडदा काळा. काकाजी हात धुऊन बसले होते. घासाला हात लावत नव्हते आणि उठतही नव्हते.

मी एक वाजता जेवलो होतो, वर दोनदा भात घेऊन. शटर अर्धं ओढलं आणि गल्ली ओलांडली.

‘‘काकाजी, मलेही वाढा.’’

‘‘तू जेवला नाही अजून?’’

‘‘नाही.’’

त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. बाराला एक मिनिट कमी होतं.

‘‘टायमावर आला,’’ ते म्हणाले, आणि मोबाइल बाजूला करून तांब्या माझ्याकडे सरकवला.