टप्पा वाढवण्याची सोय

सन १९७७ मध्ये कारंजा लाडचा अजितकुमार मुंबईच्या एका संस्थेत कंपायलरचा ड्रायव्हर तयार करत होता. माणसाने लिहिलेला प्रोग्राम कॉम्प्युटरला थेट कळत नाही. तो टप्प्याटप्प्याने उलगडावा लागतो, आणि प्रत्येक टप्प्याला क्रमाने हाक मारणारा मुकादम म्हणजे हा ड्रायव्हर. अजितकुमारच्या मुकादमाचे वैशिष्ट्य असे, की त्यात कुणालाही आपला टप्पा वाढवता येई.

सुटीत तो घरी आला. त्याचे काका शिखरचंद नवजीवन भाजी संघाचे अध्यक्ष होते. ते म्हणाले, "आपल्या बाजारात बसव न हे. भाजी इकडून घुसली का तिकडून इकल्या गेली!"

बसवले. कॉम्प्युटर नसल्याने मुकादमाच्या जागी सेवालाल शिपाई. पहिला माल, गिरजाबाईची सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, टोपली.

"मावशी, दुपारच्या आत विकला जाईल. माझा शब्द," अजितकुमार म्हणाला.

तपासणी.
वजन.
लिलाव.

तीनच टेबले, आणि शेवटी जुडीच्या बुडाशी संघाच्या शिक्क्याची चिठ्ठी. सेवालालने टोपली उचलली.

"थांब बे," सभासद पूनमचंद म्हणाले. "टप्पा वाढवता येते न? मंग आधी रिकाम्या टोपलीचं वजन."

सांभार जमिनीवर ओतला गेला. साहजिकच दुसरा सभासद इंद्रभान याने माती झटकण्याचा टप्पा घातला. टप्पे फार होऊ नयेत म्हणून तिसरे सभासद पंजाबराव यांनी टप्पे तपासण्याचा टप्पा सुचवला. तो एकमताने मंजूर झाला.

"अजितभाऊ, सांभार सुकून राह्यला न!"

"मावशी, एकही टप्पा अडकलेला नाही."

"टप्पे नाई अडकले, मी अडकली!"

अजितकुमारला शब्द आठवला. त्याने स्वतःचा टप्पा घातला: पाणी शिंपडणे. सांभार तरारला आणि वजन वाढले. आधीच्या वजनाशी आकडा जुळेना. नियमाप्रमाणे टोपली पहिल्या टेबलाकडे निघाली.

गिरजाबाईने ती सेवालालच्या हातून हिसकावली आणि फाटकाबाहेर जाऊन बसली. गिऱ्हाईक जमले. एकाने जुडी हुंगली.

"ताजा हाये. शिक्का कुठी हाये?"

"शिक्का कायले पाह्यजे? वास घेतला न तुनं?"

त्याने जुडी परत ठेवली. बाकीचेही त्याच्यामागे आत गेले. शिक्क्याचा सांभार तिथून अजून निघायचाच होता. पण रांग लागली.

अजितकुमार ओशाळून पुढे झाला. "मावशी, सगळा मीच घेतो." त्याने जुडी उचलली, आणि नकळत उलटी करून पाहिली.

"तूबी?" गिरजाबाई म्हणाली.

त्याला दोष देऊ नका. पिशवी पुढे करण्याआधी तुम्हीही जुडी उलटी करून पाहिली असती. टप्पा वाढवण्याची सोय तुमच्याचसाठी ठेवलेली आहे.