एचपीवाल्यांचा फोन

नंदा कोथिंबीर घेऊन परतली, तर घाटकोपरच्या त्यांच्या चाळीतली सगळी बिऱ्हाडं खाली अंगणात उतरलेली. कुणाच्या हातात अर्धा शिजलेला भात, कुणाच्या कडेवर पोर. शेजारच्या वसुधाकाकू तर लाटणं घेऊनच उभ्या होत्या.

"काय झालं हो?"

"तुझ्या सासऱ्यांना विचार. सगळ्यांचे गॅस बंद करायला लावलेत!"

सासरे अंबादास जिन्याशी पहारा देत होते. "नंदा, वर जायचं नाय! एचपीवाल्यांचा फोन आलता. टेस्टिंगचा रिपोर्ट आलाय म्हणे. मी बंबवाल्यांना पण बोलवलंय."

टेस्टिंग म्हणताच नंदाला उमगलं, हा फोन गॅसवाल्यांचा नव्हता. गेल्या आठवड्यात ती गुपचूप दवाखान्यात जाऊन एचपीव्हीची टेस्ट करून आली होती. "गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी आता पहिली तपासणी हीच," असं सांगून नर्स शीतलने मऊ ब्रश हातात दिला आणि पडद्याआड नमुना स्वतःच घ्यायला लावला. नंदाची ताई याच दुखण्याने गेली. लाजेपायी तिने कुणाला सांगितलंच नाही. नंदा तरी कुठे वेगळी? नवऱ्यालाही न सांगता गेली, आणि आपला फोन दुरुस्तीला म्हणून सासऱ्यांचा नंबर देऊन आली.

"बाबा, नेमकं काय म्हणाली ती?"

"नंदाताईंना फोन करायला सांगा, म्हणाली. आणि घाबरू नका म्हणाली." अंबादासनी आवाज खाली आणला. "घाबरू नका कधी म्हणतात? वाट लागल्यावरच ना?"

नंदालाही अगदी तेच वाटलं. तेवढ्यात लांबून बंबाची घंटा ऐकू आली.

"बाबा, ते गॅसचं नाहीये. माझं आहे."

"तुझं? तुझ्या नावावर कनेक्शन कधी घेतलंस?"

नंदाने त्यांच्या हातातला फोन घेतला आणि पाण्याच्या टाकीमागे पळत जाऊन आलेलाच नंबर लावला. सासऱ्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो, हे घाईत तिच्या ध्यानातच आलं नाही.

"हां, नंदाताई!" शीतलचा आवाज अंगणभर घुमला. "एचपीव्ही निगेटिव्ह! व्हायरस नाही. गर्भाशयाच्या तोंडाची काळजी सोडा, आता पाच वर्षांनी या."

"मग घाबरू नका कशाला म्हणालात?"

"अहो, मी सगळ्यांनाच म्हणते!"

नंदा टाकीला टेकून रडली. सुटल्याचं रडू होतं आणि ताईचंही. बाहेर आली, तर पुरुषमंडळी आपापल्या चपला न्याहाळत होती.

"बंब परत पाठवा रे," अंबादास घसा खाकरून म्हणाले. "लीक नाय."

संध्याकाळी वसुधाकाकू हळूच आल्या. "त्या एचपीवालीकडे मलाही ने गं."

पुढच्या मंगळवारी पाचजणी जिना उतरल्या. वसुधाकाकूंचे यजमान बंब बोलावला त्या दिवशी ड्युटीवर होते, त्यामुळे त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते गॅलरीतून ओरडले, "एवढ्या जणी कुठे?"

"एचपीच्या टेस्टिंगला!"

"मग सिलिंडर वरच ठेवून?"

काकू गोंधळल्या. तेव्हा जिन्याशी बसलेले अंबादासच पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "असू दे. कनेक्शन त्यांच्या नावावर आहे."