नत्थुजींनी गिळलेली स्मरणशक्ती

खुशालराव बोलण्यात कधी कोणाला हार गेले नाहीत! अकोल्याच्या एका कॉलेजात ते प्रयोगशाळा सांभाळत. १९६४च्या डिसेंबरात अमरावतीला गणकयंत्रांवर संशोधकांची परिषद भरणार होती, आणि तिच्यासाठी मुंबईहून आलेली एक पुडी पोचवायचं काम त्यांच्याकडे आलं. जठारपेठेतल्या घरी येताच त्यांनी ती दिमाखात टेबलावर ठेवली.

"हे काय होय?" बायकोनं, रुख्मिणीनं विचारलं.

"स्मरणशक्ती! गणकयंत्राची! एकेका कडीत एकेक आकडा ध्यानात राह्यते."

पुडीत मोहरीएवढ्या काळ्या कड्या होत्या, मोजून चौसष्ट. त्यांत आकडा बसतो कसा, हे खुशालरावांनाही कळलं नव्हतं. पण ते बायकोपुढं कोण कबूल करतो!

"मंग दोन-चार मामाजीले द्या ना!" रुख्मिणी हसली.

मामाजी, म्हणजे खुशालरावांचे वडील नत्थुजी, बाजूच्याच खाटेवर होते. साखर आणायला जाऊन झाडू घेऊन येणारा माणूस. ते हसले नाहीत.

सकाळी पुडी रिकामी!

"बाबा, इथली पुडी?"

"घेतली ना दुधासंगं. कडक होती बावा, पन सारी घेतली."

"सारी?"

"तूच त म्हनलं, ध्यानात राह्यते म्हून!"

वडिलांना धरून खुशालराव डॉक्टरांकडे धावले.

"काय गिळलं?"

"स्मरणशक्ती."

डॉक्टरांनी खुशालरावांचीच नाडी पाहिली! सगळं ऐकल्यावर म्हणाले, "बारीक आहेत, अपाय नाही. आपोआप बाहेर पडतील."

"कधी?"

"परिषद कधी आहे?"

"आज दुपारी."

"मग नाही."

शेवटी खुशालरावांनी वडिलांनाच एसटीत घातलं. माल जिथं आहे तिथं दाखवावा, दुसरं काय सुचणार!

सभागृहाच्या दारात मुंबईचे प्राध्यापक उभे होते. "कड्या आणल्यात?"

"आणल्या, सर." खुशालरावांनी वडिलांना पुढं केलं. "यांच्यात हायेत."

प्राध्यापकांना वाटलं, कोणी मोठे संशोधक! त्यांनी नत्थुजींचा हात हातात घेतला. "आपलं काम कशात?"

"कपाशीत."

"कपाशीवर गणकयंत्र! वा!" म्हणून त्यांनी नत्थुजींना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. खुशालराव मागं मागं. आता नोकरी जाणार, हे धरूनच त्यांनी अडखळत खरं काय ते सांगून टाकलं.

प्राध्यापक इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अहो, चांगल्या कड्या माझ्या पेटीत आहेत! पुडीतल्या होत्या चाचणीत नापास झालेल्या, लोकांना नुसत्या हाताळून बघायला. त्यांच्या काहीच लक्षात राहत नाही!"

नत्थुजी ताडकन उठले.

"मंजे पोरानं मले नापास माल खाऊ घातला! तरीच सकायपासून इचार करून राहिलो, आपुन अमरावतीले आलो काहून!"