भास्करराव फणसे : एक प्रमाणित अपयश

यशस्वी होण्यासाठी माणसाला सर्वप्रथम एका अपयशी माणसाची गरज असते, ही बाब आता सर्वमान्य झाली आहे. (सुदैवाने तो बहुतेकांना घरातच उपलब्ध होतो.)

दांडिया बाजारातले भास्करराव फणसे बडोद्याच्या एका सरकारी कचेरीत एकोणतीस वर्षे आवक-जावक कारकून होते. त्यांचे चिरंजीव कुशल फतेगंजला यशावर व्याख्याने देत. ते स्वतः कशात यशस्वी झाले, याची नोंद आढळत नाही. एका सकाळी चिरंजीव म्हणाले,

"बाबा, रविवारी स्टेजवर नुसतं बसायचं. उदाहरण म्हणून."

"कशाचं?"

"वाया गेलेल्या आयुष्याचं."

भास्कररावांनी विचार केला. "इस्त्रीचा शर्ट चालेल?"

"नको. रोजचाच."

नयनाबाईंनी तरीही नवऱ्याच्या शर्टाला इस्त्री केली आणि दोन दिवस मुलाशी अबोला धरला.

"एकच टेबल, एकच खुर्ची, एकोणतीस वर्षं!" रविवारी कुशल गरजला. "असं व्हायचंय तुम्हाला?"

भास्करराव उठले, सभेला नमस्कार करून बसले. त्यांचे कान लाल झाले होते.

मागच्या रांगेतून एका तरुणाने हात वर केला. "काका, सुटता किती वाजता?"

"सहा दहाला."

"पछी?"

"मग काय? मांडवीतून भाजी घेऊन घरी."

"रविवारी साहेबांचा फोन?"

"साहेबांकडे माझा नंबर नाही."

येथे श्रोत्यांपैकी दोघांना रडू आवरले नाही.

पुढच्या व्याख्यानाला आलेल्यांपैकी ९४ टक्के लोक भास्कररावांपुढे रांगेत उभे होते. उरलेले ६ टक्के रांगेचे टोक शोधत होते. तिसऱ्या व्याख्यानाच्या फलकावर कुशलचा फोटो टपाल तिकिटाएवढा झाला. चौथ्याला आयोजकांनी त्याला कळवलेच नाही.

तेव्हा कुशलने गुपचूप कारकुनाच्या भरतीचा अर्ज भरला. ("तुलनात्मक अभ्यासासाठी," असे त्याने आईला सांगितले.) जागा एक, उमेदवार अकरा हजार चारशे. निकालात त्याचे नाव नव्हते.

त्या संध्याकाळी तो जेवायला उठेना. भास्कररावांनी ताट त्याच्यापुढे सरकवले.

"वाया जायलासुद्धा मेरिट लागतं, बेटा. जेव."

त्या परीक्षेत एकूण अकरा हजार तीनशे नव्व्याण्णव उमेदवार बाद झाले. आपण अजून हसत आहात, याचा अर्थ एवढाच की आपल्या चिरंजीवांनी आपल्याला अद्याप निकाल सांगितलेला नाही.