एका टेंपोतली एकजूट

कडावात दूध डेअरी चालवणाऱ्या सुनंदाला एका गोष्टीचा भारी अभिमान होता. माणसं एकत्र आणावीत तर तिनंच! एकमेकांचं तोंड न बघणारे सख्खे भाऊसुद्धा सकाळी तिच्याच दारात येऊन एकाच कॅनमध्ये दूध ओतायचे. त्यामुळे घोडमाळाचा डोंगर फोडायला खडीक्रशर येणार अशी बातमी पसरली आणि आमदारसाहेबांनी वैतागून निरोप धाडला, "तुमची तीन निवेदनं आलीत, तिन्हीत वेगळंच काहीतरी. आधी एक व्हा, मग मंगळवारी अकराला कर्जतच्या विश्रामगृहावर या," तेव्हा सुनंदा नवऱ्याला म्हणाली, "हात्तिच्या, एवढंच ना? आणते तिघांना एकत्र."

दत्ता दुधाचा टेंपो पुसत होता. तो म्हणाला, "दुधाचं येगळं गं. दूध बोलत नाय."

तिघं म्हणजे तीन गट. पहिला कडावच्या भातशेतकऱ्यांचा, त्यांचा पुढारी साईनाथ. क्रशरची धूळ भातावर बसणार म्हणून त्याचा विरोध. दुसरा शेलूच्या नव्या सोसायट्यांमधल्या निसर्गप्रेमींचा. त्यांच्या प्रमुख भाविका मॅडम. त्यांना डोंगरावरच्या पाखरांची काळजी. तिसरा गट डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीचा. तिथली गौराबाई बोलायची कमी, पण ती 'नाय' म्हणाली की अख्खी वाडी 'नाय' म्हणायची. वाडीचं पाणी, सरपण, रानभाजी, सगळं त्या डोंगरातलंच.

क्रशर नको, यावर तिघांचं एकमत. बाकी कशावरच नाही. साईनाथ राब भाजायचा, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळायचा. भाविका मॅडमनी त्या धुराची तक्रार केली होती. वाडीच्या बायका लाकूड तोडतात म्हणून मॅडमनी डोंगरावर 'वृक्ष आमचे मित्र' अशी पाटी लावली. गौराबाईनं ती चुलीत घातली, आणि चांगली जळली असं सांगितलंही. वाडीची माणसं खेकडे पकडायला शेताचे बांध उकरतात म्हणून साईनाथ गौराबाईशी बोलत नव्हता.

सुनंदानं डेअरीत बैठक घेतली. निवेदनाच्या पहिल्या ओळीवरच चहाच्या दोन किटल्या संपल्या. मॅडमना 'जैवविविधता' हवी होती. साईनाथला 'बळीराजा' हवा होता. गौराबाई म्हणाली, "आमचं पानी आदी लिवा." शेवटी सुनंदानं 'घोडमाळावर क्रशर नको' एवढंच लिहिलं. तिघंही नाराज झाले. तिघं सारखेच नाराज, म्हणजे जमलं, असं ती धरून चालली.

आता जायचं कसं, यावर पुन्हा वाजलं. साईनाथ म्हणाला, "आमी आमच्या ट्रॅक्टरनं येनार." मॅडम म्हणाल्या, "पर्यावरणाच्या मोर्चाला डिझेल जाळत जायचं? आम्ही सायकलनं येऊ." गौराबाई म्हणाली, "आमी चालत." सुनंदानं हात जोडले. "कसं बी या. पन अकराला तिथं दिसा."

मंगळवारी उजाडताच पावसानं धरलं. सुनंदा आणि दत्ता टेंपो घेऊन निघाले, तर गावाबाहेरच साईनाथचा ट्रॅक्टर चिखलात रुतून म्हशीसारखा बसलेला. साईनाथ आणि त्याची माणसं गुडघाभर चिखलात उभी.

"चढा मागं," सुनंदा म्हणाली.

थोडं पुढे गेले, तर भाविका मॅडम आणि त्यांचे सवंगडी रस्त्याच्या कडेला. पाण्याखाली खड्डा दिसला नव्हता. मॅडमच्या सायकलचं पुढचं चाक पापडासारखं वाकलं होतं, आणि मॅडम डोक्यापासून पायापर्यंत घोडमाळाच्याच रंगाच्या झाल्या होत्या.

"तुमच्या टेंपोत डिझेलच ना?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"नाय, दुधावर चालतो," दत्ता म्हणाला. "चढा."

सायकलीही चढल्या. त्यापुढच्या वळणावर गौराबाई आणि वाडीच्या बायका झपाझपा चालताना भेटल्या. गौराबाईच्या डोक्यावर झाकलेली पाटी होती.

"ह्यात काय?" सुनंदानं विचारलं.

"चिंबोऱ्या. मोर्चा झाला की बाजारात इकीन. दिस कशाला बुडवू?"

खेकडे आहेत हे ऐकताच साईनाथनं कान टवकारले. सुनंदाच्या ते लक्षात आलं, पण तोवर अकरा वाजत आले होते. तिनं सगळ्यांना मागे कोंबलं आणि दत्ताच्या शेजारी जाऊन बसली. मागे रिकामे कॅन, ओल्या सायकली, शेतकरी, वाडीच्या बायका आणि सोसायटीवाले. सुनंदा म्हणाली, "बघा, जमलं का नाय?"

तेवढ्यात टेंपो खड्ड्यात आदळला आणि मागे पाटी कलंडली.

"ह्या माज्या बांधातल्या हायेत," साईनाथचा आवाज आला.

"तुजं नाव लिवलंय का त्यांच्या पाठीवर?" गौराबाईचा आवाज.

"बांध फोडून काढल्यात. माजं पानी सगळं वाहून गेलं."

"अहो, पाय देऊ नका, जीव आहे तो," भाविका मॅडम कळवळून म्हणाल्या, आणि लगेच, "आई गं, माझा बूट, माझा बूट!"

दत्तानं ब्रेक दाबला. टेंपोतल्या भानगडीसाठी नाही, समोर रेल्वेचं फाटक पडलं होतं म्हणून. मालगाडी यायची होती. टेंपो थांबताच मागून धडाधड माणसं उड्या मारून रस्त्यावर आली. कुणी पायजमा झटकत होतं, कुणी सायकलीवरून खेकडे काढत होतं, आणि सगळी एकाच वेळी ओरडत होती. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. सुनंदा कपाळाला हात लावून खाली उतरली, आणि तिला मागे तिसऱ्या नंबरला आमदारसाहेबांची गाडी दिसली.

साहेब खालापूरला कसल्याशा उद्घाटनाला निघाले होते; तिथली निमंत्रणपत्रिका गाडीच्या पुढच्या काचेतून दिसत होती. अकराला आपण कुणाला वेळ दिलाय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. समोर एवढी माणसं आरडाओरडा करत टेंपोतून उतरलेली बघून ती आपल्यालाच अडवायला आलीत, असं त्यांना वाटलं. त्यांनी घाईघाईनं काच खाली केली.

"अहो ताई, रस्ता कशाला अडवताय? मी तुमच्याकडेच निघालो होतो."

"खालापूरमार्गे?" सुनंदानं विचारलं.

साहेबांनी विषय बदलला. "बरं, बोला. काय एकमत झालंय?"

सुनंदा निवेदन काढणार, तोच मागून साईनाथ गरजला, "आदी माज्या बांधाचं बोला." गौराबाई म्हणाली, "आदी माज्या चिंबोऱ्या गोळा करा." भाविका मॅडम एका पायात बूट घालून लंगडत आल्या आणि म्हणाल्या, "आणि राबाच्या धुराचं काय?"

साहेबांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. ते मंद हसले. "हेच म्हणत होतो मी. तुमच्यातच एकी नाही, मी सरकारला काय सांगू? तुमचं आपसात मिटलं की या." आणि काच वर जाऊ लागली.

आठवडाभर ताणलेला घसा, चहाच्या किटल्या, सगळं त्या काचेबरोबर वर चाललं होतं. तिला दत्ताचं तोंडही बघावंसं वाटेना.

तेवढ्यात साईनाथनं काचेवर हात ठेवला. त्याच्या बाहीला एक खेकडा लोंबत होता.

"सायेब, आमचं भांडान आमचं हाय," तो म्हणाला. "तुमी नका त्यात पडू. ह्या बाईशी मी बापापासनं भांडतोय. पन डोंगर गेला तर बांधात पानी कुठनं येनार, चिंबोरी कुठनं येनार? मग आमी भांडायचं तरी कशावर?"

गौराबाईनं मान डोलावली. तिनं आपली पाटी साहेबांच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवली. भाविका मॅडमनी वाकडी सायकल ओढत आणली आणि गाडीपुढे आडवी टाकली.

मालगाडी निघून गेली. फाटक उघडलं. दत्तानं टेंपो कडेला घेतला. पुढच्या गाड्या हलल्या, साहेबांची हलेना. मागून हॉर्नचा गदारोळ उठला. पाटीतला एक खेकडा काचेच्या वायपरवर चढून साहेबांकडे रोखून बघू लागला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, खेकडा पाहिला आणि फोन काढला. सगळ्यांसमोर त्यांनी कुणाला तरी सांगितलं, "घोडमाळाची फाईल थांबवा. हो, आत्ताच. गावकरी सगळे एक आहेत. मी स्वतः पाहतोय."

फाईल खरंच थांबली. पुढच्या ग्रामसभेत क्रशरविरोधी ठराव एकमतानं झाला. सभा संपल्यावर बांधावरून दोन तास भांडण झालं ते वेगळं. पावसाळा सरता सरता परवानगी नाकारल्याचं कळलं. सुनंदानं डेअरीवर पेढे वाटले आणि मनातल्या मनात स्वतःला सरपंच करून टाकलं.

चार दिवसांनी कर्जतच्या नाक्यावर भला मोठा फलक लागला. हात जोडलेले आमदारसाहेब, मागे घोडमाळ, खाली अक्षरं: 'डोंगर वाचवणारा आपला माणूस.' दुसऱ्या कुणाचं नाव नव्हतं.

त्या संध्याकाळी डेअरीसमोर एक रिक्षा थांबली. आतून साईनाथ, गौराबाई आणि भाविका मॅडम उतरले. न बोलावता, एकाच रिक्षातून. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं दत्ताला ढोसलं. "बघा. बघा जरा."

"सुनंदाताई, हे चालणार नाही," मॅडम म्हणाल्या. "आपणही फलक लावायचा. आमचं तिघांचं एकमत आहे."

"लावू की," सुनंदा म्हणाली.

"फकस्त एकच अडलंय," साईनाथ म्हणाला. "वरती नाव कुनाचं?"

तिघंही तिच्याकडे बघत उभे राहिले. सुनंदानं डोळे पुसले, दत्ताला चहा टाकायला सांगितलं आणि म्हशीला बरं नाही असं म्हणून मागच्या दारानं गोठ्यात जाऊन बसली. म्हैस चांगली ठणठणीत होती.