तेवीस लेकरांचा बाप

वेबसाइट अडून बसली होती. ‘पालकाचा ई-मेल पत्ता’ असा एक रकाना होता आणि तो भरल्याशिवाय पहिलीचं एकही पोर आत घ्यायला ती तयार नव्हती.

सेरेइमा मॅडमनी आधी स्वतःचा पत्ता देऊन पाहिला. वेबसाइटनं सांगितलं, हा पत्ता शिक्षिकेचा आहे, शिक्षिका पालक होऊ शकत नाही. मग मॅडम मुलांकडे वळल्या.

“वाइसाले, तुझ्या बाबांचा ई-मेल आहे का रे?”

“कुठल्या बाबांचा, मॅडम?”

प्रश्न रास्त होता. आमच्या नावुथू गावात बापाचे सगळे भाऊ बापच असतात, कुणी थोरले बाबा, कुणी धाकटे बाबा. वाइसालेचे एकूण चार होते.

“कुठल्याही बाबांचा चालेल.”

“नाही कुणाकडे. पण थोरल्या बाबांकडे होडीचं इंजिन आहे. ते देऊ?”

सेरेइमानं कपाळाला हात लावला. तिची नोकरी तात्पुरती होती. पहिलीच्या मुलांना वेबसाइटवरून इंग्रजीचे खेळ, गोष्टी, शब्द शिकवायचे, असं फर्मान राजधानीतून, सुव्याहून सुटलं होतं. महिन्याभरानं शिक्षणाधिकारी पेथेली साहेब ते बघायला येणार होते. त्यांनी सही केली तर ती कायम होणार होती. नाही केली, तर सत्र संपताच सुव्याच्या बाजारात आईच्या गाळ्यावर कसावाचे कंद विकायला बसायचं. आईनं तिच्यासाठी स्टूल आणूनसुद्धा ठेवलं होतं.

मुख्याध्यापक वेरेनिकी मास्तर निवृत्तीला टेकले होते. त्यामुळे त्यांना कुठलीच गोष्ट अवघड वाटत नसे.

“साहेबांचाच पत्ता दे की,” ते म्हणाले.

“साहेबांचा? ते कसे पालक?”

“गेल्या बक्षीस समारंभात काय म्हणाले ते? ‘नावुथूची ही सगळी लेकरं माझीच आहेत.’ डोळे पण पुसले.”

“अहो मास्तर, ती बोलायची पद्धत असते.”

“मग लिहायची पद्धत वेगळी असते होय?”

सेरेइमानं टॅब्लेट पुढे ओढला. मास्तरांच्या वहीत साहेबांचा एक पत्ता होता. तिनं तो तेवीस वेळा भरला. वेबसाइटनं तेवीसही वेळा तो निमूटपणे घेतला. एका माणसाला एकाच वर्गात तेवीस मुलं असल्याचं तिला काहीही वाटलं नाही.

शिकवणं मात्र झकास सुरू झालं. पहिले दोन दिवस तेवढे गोंधळाचे गेले, कारण सी हे अक्षर आम्ही फिजीतले लोक ‘थ’ असं वाचतो. पोरांनी मांजराच्या चित्राखालचा शब्द वाचून ठणकावून ‘थॅट’ म्हटलं, की वेबसाइट म्हणायची, पुन्हा प्रयत्न करा. उलट थाउथाउ नावाच्या मुलीला ती गोड आवाजात “वेल डन, काऊकाऊ!” म्हणाली आणि अख्खा वर्ग चटईवर लोळला. थाउथाउनं टॅब्लेटला जीभ काढून दाखवली. तिसऱ्या दिवसापासून पोरं मधल्या सुट्टीतही टॅब्लेट सोडेनात.

रोज संध्याकाळी सातला ही वेबसाइट पालकांना प्रगतीचा अहवाल पाठवते, हे तेवढं कुणी वाचलं नव्हतं.

मास्तरांच्या वहीतला पत्ता साहेबांच्या कार्यालयाचा नव्हता, घरचा होता. घरचे ई-मेल बायकोच्या फोनवर येत. सुव्यात ताराइविनी जेवायला वाढत असताना तिचा फोन एकदा वाजला, दोनदा वाजला आणि मग तेवीस होईपर्यंत थांबलाच नाही.

“पेथेली,” ती म्हणाली, “वाइसाले कोण?”

“कोण वाइसाले?”

“‘अभिनंदन! तुमचा मुलगा वाइसाले आज पाच इंग्रजी शब्द शिकला.’ हुशार आहे. आईवर गेला असेल.”

साहेबांच्या हातातला मासा नारळाच्या दुधात परत पडला.

“आणि ही थाउथाउ? हा मेली? ही अकानिसी? अकानिसीला रंगांची नावं येतात म्हणे. तुला अजून माझा निळा झगा आणि हिरवा झगा कळत नाही.”

“अगं, काहीतरी चूक झालीय.”

“तेवीस वेळा? एखादी चूक मी समजू शकते.” तिनं फोन जवळ धरला. “नावुथू प्राथमिक शाळा. बोटीनं जातोस ना तिथं, दौऱ्यावर?”

दुसऱ्या दिवशी वर्गात ‘माझे बाबा’ हा धडा होता. समोरच्या शब्दांतून निवडून वाक्यं करायची होती. पोरांनी आपापल्या खऱ्या बापांवर अत्यंत प्रामाणिकपणे वाक्यं केली, आणि वेबसाइटनं ती ‘तुमच्या मुलांनी तुमच्याबद्दल लिहिलं आहे!’ असा मथळा देऊन, फुलाफुलांची नक्षी काढून पाठवली.

ताराइविनीनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. “‘माझे बाबा मंगळवारच्या बोटीने येतात.’ ‘माझे बाबा जाड आहेत.’ ‘माझे बाबा घरी फक्त झोपतात.’” तिनं वर पाहिलं. “हे तिसरं तर शंभर टक्के तूच.”

त्या दिवसापासून साहेबांची चटई व्हरांड्यात गेली आणि घरातली भांडी त्यांच्याकडे आली. शाळेला जाब विचारावा, असं त्यांच्या मनात पन्नास वेळा आलं. पण विचारणार कसं? ‘सदरहू तेवीस मुले माझी नाहीत’ असं सरकारी कागदावर लिहिलं, की ज्या कारकुनाला आजवर शंका नव्हती त्यालाही ती येणार. फोन करावा तर नावुथूत शाळेच्या छपरावरच्या तबकडीवर वेबसाइट तेवढी चालते, फोनला टेकडीवर चढल्याशिवाय आवाज येत नाही, आणि मास्तर टेकडी चढत नाहीत. शेवटी साहेब दौऱ्याच्या तारखेची वाट बघत तीन आठवडे मुकाट्यानं पातेली घासत राहिले.

दौऱ्याच्या मंगळवारी बोटीतून साहेब उतरले आणि त्यांच्यामागून ताराइविनी उतरली. गावात कुजबुज झाली. साहेबांची बायको कामुथू गावची, आणि कामुथू आणि नावुथू एकमेकांचे ताउवू. ताउवू म्हणजे एकमेकांची टर उडवायचा पिढीजात परवाना. काहीही बोला, काहीही उचलून न्या, समोरच्यानं रागवायचं नाही. पण ही बाई तर गंभीर चेहऱ्यानं चालत होती. स्वागताचा यांगोनाचा काढाही तिनं एका घोटात संपवला आणि म्हणाली, “आता मुलं दाखवा.”

मास्तरांनी वर्गाच्या दारातच खूण केली. साहेब खूश व्हावेत म्हणून त्यांनी पोरांकडून एक वाक्य आठवडाभर घोकून घेतलं होतं. तेवीस पोरं ताडकन उभी राहिली आणि छप्पर उडेल अशा आवाजात ओरडली, “गुड मॉर्निंग, फादर!”

साहेबांनी दाराची चौकट धरली.

“वा!” ताराइविनी म्हणाली. “मास्तर, यातली पेथेलीची कुठली?”

“सगळी!” मास्तरांचा ऊर भरून आला होता.

“तेवीसच्या तेवीस?”

“दोन जुळी आहेत.”

“हे सगळं सरकारी दौऱ्यांत जमवलं यांनी?”

“साहेब आमचे पहिल्यापासूनच कष्टाळू.”

“मास्तर!” साहेब किंचाळले. “गप्प बसा हो!”

सेरेइमाला आता कुठे काहीतरी उमगायला लागलं. तिनं टॅब्लेट पुढे केला, तो रकाना दाखवला आणि सगळं सांगून टाकलं. इंजिनासकट.

“म्हणजे तुमच्यामुळे!” साहेबांचा आवाज फाटला. “तीन आठवडे मी घरात... बाई, तुमची फाइल आजच्या आज बंद!”

तेवढ्यात चटईवरून विचित्र आवाज आला. ताराइविनी खाली बसून पोट धरून हसत होती. तिला श्वास घेता येईना, म्हणून थाउथाउनं धावत जाऊन पाणी आणलं.

“मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं,” डोळे पुसत ती म्हणाली. “तेवीसही जण पहिलीत. एवढा चपळ तू कधी नव्हतास.”

“काय? मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, नावुथूवाल्यांनी आमची टर उडवलीय. ताउवूची चेष्टा परतवली नाही तर कामुथूत तोंड कसं दाखवू? म्हणून तर आले. इथं बघते तर काय, यांना बिचाऱ्यांना पत्ताच नाही!”

“आणि मला भांडी का घासायला लावलीस?”

“भांडी घासायची होतीच.”

मास्तर खो खो हसायला लागले. साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खोकायला लागले. मग साहेबांनी सेरेइमाला कायम करायचा फॉर्म काढला, चष्मा लावला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर महिनाभरात प्रथमच समाधान दिसलं.

“हे बघा. एका पालकाची लेखी शिफारस पाहिजे. रकाना कोरा. फॉर्म आजच्या बोटीनं गेला पाहिजे, बोट तासाभरात सुटते, आणि पालक सगळे समुद्रावर नाहीतर मळ्यात. माझा नाइलाज आहे. नियम म्हणजे नियम.”

 सेरेइमाला समोर आईच्या गाळ्यातलं ते स्टूल दिसत होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे ‘बी’ आणि ‘डी’ची गल्लत करणारा वाइसाले दिसत होता, जो कालच कुठे सुधारायला लागला होता. तिला रडू फुटलं, आणि पोरांसमोर फुटल्यामुळे आणखीच फुटलं.

ताराइविनीचं हसू थांबलं.

“पेथेली,” ती म्हणाली, “आपल्या घरी सातला काय व्हायचं आठवतं? तू पेपर वाचायचास, मी भिंत बघायचे. आता मी सहापासून फोन घेऊन बसते. या वाइसालेला ‘बी’ येत नव्हता तर मला जेवण गेलं नाही. एकोणीस वर्षं तू शाळा तपासतोयस. कधी एका मुलाचं नाव घरी सांगितलंस? या पोरीनं मला तेवीस सांगितली.”

साहेब चष्मा पुसत राहिले.

“पालकाची शिफारस हवी ना? तू कर. पत्ता तुझा आहे.”

“अगं, मी कसा पालक?”

“बक्षीस समारंभात रडताना काय म्हणाला होतास?”

“तुला कुणी सांगितलं?”

“मास्तरांनी. बोटीपासून इथपर्यंत तेच सांगत होते.”

धक्क्यावरून बोटीचा भोंगा झाला. साहेबांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा तेवीस पोरांकडे. व्हरांड्यातल्या डासांचीही त्यांना आठवण झाली असावी. त्यांनी पेन उघडलं. पालकाचे नाव: पेथेली रावोनो. पाल्य: तेवीस. अभिप्राय: मुलांची प्रगती समाधानकारक असून बाईंना कायम करावे. मग खाली अधिकारी म्हणून दुसरी सही केली, आणि बोट सुटायच्या आत फॉर्म पिशवीत पडला.

महिन्याभरानं मुख्य कार्यालयातून दोन पत्रं निघाली. एक सेरेइमाला आलं. ती कायम झाली होती. मास्तरांनी त्या आनंदात शाळा अर्धा दिवस सोडली.

दुसरं साहेबांना आलं. ‘आपल्या सेवापुस्तकात अपत्ये: निरंक अशी नोंद आहे. तथापि, आपण स्वाक्षरीनिशी तेवीस अपत्ये असल्याचे कळवले आहे. सदर माहिती इतकी वर्षे दडवून ठेवल्याबाबत, सर्व जन्मदाखल्यांसह, सात दिवसांत लेखी खुलासा करावा.’

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि बायकोसमोर ठेवलं. “आता काय करू मी?”

ताराइविनीनं फोनवरून नजरही काढली नाही.

“थांब जरा,” ती म्हणाली. “अकानिसीचा निकाल येतोय.”