तुळसाबाईंची बॅच

भवानीनगरच्या स्टँडमागे टेबलावरच्या पूल खेळाचा क्लब चालवणाऱ्या बुद्धघोषचं सकाळी सकाळी बायकोशी, दिशाशी वाजलं. उन्हाळी सुट्टीची शिकाऊ बॅच पुढच्या सोमवारपासून सुरू व्हायची होती आणि पोरांना आधी कुठला खेळ शिकवायचा, यावर दोघांचं जमत नव्हतं.

“एट-बॉल,” बुद्धघोष म्हणाला. “एकानं एकरंगी बॉल घ्यायचे, दुसऱ्यानं पट्ट्याचे. पुढची चाल आखायची अक्कल येती.”

“आणि पांढरा बॉल कुठं थांबवायचा, ते कोण शिकवणार?” दिशा म्हणाली. “नाइन-बॉलच पाहिजे. सगळ्यात लहान नंबराला आधी मारायचं. हात आपोआप ताब्यात येतो.”

शेवटी तोडगा निघाला. बॉल मारायची काठी, म्हणजे क्यू, कधीच न धरलेल्या दोघांना आठवडाभर शिकवायचं आणि रविवारी त्यांची मॅच लावायची. अशी माणसं घरातच होती. बुद्धघोषनं वडिलांना, गंगाराम आबांना धरलं. दिशानं सासूला, तुळसाबाईंना. पहिल्याच दिवशी तुळसाबाईंनी पदर खोचून मारलेला बॉल टेबलावरून उडून थेट आबांच्या पायावर पडला. तो चुकून लागला, यावर त्या शेवटपर्यंत ठाम होत्या.

रविवारी चौकशीला आलेले पालक पोरांसकट भिंतीला टेकून मॅच बघायला थांबले. बुद्धघोष बॉल रचायला वाकला आणि तसाच राहिला.

“मॅच कुठल्या खेळाची?”

“नाइन-बॉलची!” दिशा म्हणाली.

“आबांला तो कुठं येतोय?”

“मग आत्याबाईंना तरी तुमचा कुठं येतोय?”

आठवडाभर हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. लोकांसमोरच पुन्हा जुंपली.

“भांडू द्या त्यांला,” तुळसाबाई आबांना म्हणाल्या. “आपुन खेळू. कुठला बी बॉल, कुठला बी कोपरा. पण आधी सांगून घालायचा. नशिबानं गेलेला धरायचा न्हाय. तुमचं सगळं नशिबानंच जातंय.”

“निळा, डाव्या कोपऱ्यात,” आबा म्हणाले. गेला! पण पांढरा टेबलाच्या कडेला चिकटला आणि पुढचा हुकला. तुळसाबाईंनी ते नीट पाहून घेतलं. थोड्याच वेळात दोघंही बॉल घालण्याआधी पांढरा कुठं थांबेल आणि त्यानंतर काय मारायचं, याचा विचार करायला लागले.

“अहो, हा तर स्ट्रेट पूल नावाचा खेळच झाला,” दिशा कुजबुजली. “तुमचं-माझं दोन्ही यात येतंय.”

“व्हय. पण आपल्याला सुचलं न्हाय, हे मोठ्यानं बोलू नको.”

तेवढ्यात निमगाव केतकीच्या रेश्माताई लेकीला घेऊन पुढे आल्या. बुद्धघोषनं कॉलर नीट केली.

“पोरीचं नाव घालायचं हाय. पण शिकवणार कोण? तुमी का त्या काकू?”

“मी,” तुळसाबाई मान वर न करता म्हणाल्या. “उद्या या.”

“आन् बुद्धघोष,” आबा म्हणाले, “तुमी दोघं घरी जावा. भाकरी टाका. आमचा डाव रंगात आलाय.”

दोघं बाहेर पडले. कोपऱ्यावर दिशाला हसू फुटलं.

“अहो, उद्या आपल्याला घेतील का हो बॅचला?”